जुनी जीप, बाजारातला रेडिएटर

सह्याद्रीच्या घाटांत उन्हाळा सुरू झाला, की वळणावर बॉनेट उघडून उभ्या असलेल्या जुन्या जीपगाड्या दिसू लागतात. रेडिएटर उकळला, एवढे निदान करायचे, पाणी ओतायचे आणि पुढे निघायचे, हा शिरस्ता जुनाच. मात्र जुन्या गाडीची नोंदणी टिकवणे महाग होत असताना हे उकळणे केवळ प्रवासातील विघ्न राहिलेले नाही. गाडी ठेवायची की भंगारात काढायची, हा निर्णय अनेकदा याच एका भागापाशी येऊन ठेपतो.

खासगी वाहनाची नोंदणी पंधरा वर्षांनी संपते आणि पुढे दर पाच वर्षांनी तिचे नूतनीकरण करावे लागते. १ एप्रिल २०२२ पासून मोटारींसाठी हे शुल्क ६०० रुपयांवरून ५ हजार रुपयांवर गेले. ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरील मोटारींसाठी ते १० हजार रुपये करण्यात आले. राज्याचा पर्यावरण कर वेगळाच. जुनी वाहने रस्त्यावरून कमी व्हावीत, हा त्यामागील हेतू उघड आहे आणि प्रदूषणाचा विचार करता तो गैरही नाही. पण डोंगरी भागातील शेतकरी किंवा हौसेने जपलेल्या एखाद्या जुन्या महिंद्र जीपचा वा मारुती जिप्सीचा मालक ही रक्कम भरतो, तेव्हा गाडी पुढील पाच वर्षे चालेल, असे तो गृहीत धरतो. घाटात इंजिन तापून हेड गॅस्केट उडाले किंवा हेडच वाकले, तर हे गणित एका दुपारी कोलमडते.

मूळ कंपनीचा रेडिएटर बंद झालेल्या मॉडेलसाठी सहज मिळत नाही. त्यामुळे मालक बाहेरच्या उत्पादकांच्या भागांकडे वळतो. सुट्या भागांची बाजारपेठ खुली असावी, ही मागणी नवी नाही. सुटे भाग आणि दुरुस्तीची तांत्रिक माहिती अधिकृत विक्रेत्यांपुरती रोखून धरल्याचा ठपका ठेवत भारतीय स्पर्धा आयोगाने २०१४ मध्ये १४ मोटार कंपन्यांना सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. हा वाद पुढे अपिलात गेला. केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये 'दुरुस्तीच्या हक्का'चा विषय हाती घेतला, त्यात मोटारींचाही समावेश होता. सप्टेंबर २०२५ मध्ये रेडिएटरवरील जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. थोडक्यात, भाग मिळणे तुलनेने सुकर झाले. योग्य भाग ओळखणे मात्र अद्याप ग्राहकावरच सोडलेले आहे.

तांबे की ॲल्युमिनियम?

जुन्या जीपचा मूळ रेडिएटर तांबे-पितळेचा असतो. उष्णता वाहून नेण्यात तांबे ॲल्युमिनियमपेक्षा सरस आहे; तरीही बाजारात ॲल्युमिनियमचा बोलबाला आहे. ॲल्युमिनियम हलके आणि स्वस्त असते. त्याच्या नळ्या अधिक रुंद करता येतात, त्यामुळे पाण्याचा पत्र्याशी संपर्क वाढतो. पण तांब्याच्या रेडिएटरला गळती लागली, तर तालुक्याच्या गावातील कारागीर डाख देऊन तो चालू करू शकतो, टाक्या काढून 'रॉडिंग' करून नळ्यांतील क्षारही काढू शकतो. ॲल्युमिनियमच्या कोअरला तडा गेला, तर तशी सोय क्वचितच मिळते. आडवाटेने फिरणाऱ्या गाडीसाठी हा फरक किमतीपेक्षा महत्त्वाचा आहे.

दुसरा गैरसमज जाडीचा. चार ओळींचा कोअर दोन ओळींच्या कोअरपेक्षा दुप्पट थंडावा देईल, असे विक्रेते सांगतात. महामार्गावर वेगाने येणारा वारा जाड कोअरमधून आरपार जाऊ शकतो. परंतु चारही चाकांना जोर देऊन, लो गिअरमध्ये चढण चढणाऱ्या गाडीला असा वारा मिळत नाही. तेथे सारी मदार पंख्यावर असते. पंख्याभोवतीचे आवरण नसेल किंवा पंखा कोअरपासून दूर असेल, तर जाड कोअर उलट हवा अडवतो. अनेक जुन्या जीपवरून हे आवरण केव्हाच गायब झालेले असते. नवा रेडिएटर बसवूनही गाडी तापते, याचे कारण पुष्कळदा येथे दडलेले असते.

तिसरी बाब झाकणाची. दाब वाढला, की पाण्याचा उत्कलनबिंदू वाढतो. साधारण ०.९ बार दाबाच्या झाकणाखाली साधे पाणी समुद्रसपाटीला १०० ऐवजी सुमारे १२० अंशांना उकळते. सैल झाकण हा फायदा घालवते; मूळ इंजिनाच्या मानापेक्षा अधिक दाबाचे झाकण जुने होज पाइप आणि हीटरच्या नळ्या फोडते. गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकण्याची गॅरेजमधील प्रथाही चुकीची आहे. तसे केल्यास थंडीत इंजिन योग्य तापमानाला पोहोचत नाही, इंधन अधिक जळते आणि धूरही वाढतो. ॲल्युमिनियमच्या रेडिएटरमध्ये विहिरीचे क्षारयुक्त पाणी भरणे म्हणजे गंजाला आमंत्रण. त्याला गंजरोधक कूलंट आणि क्षारविरहित पाणी हवेच. चासी पिळवटते तेव्हा कोअरवर ताण येऊ नये, म्हणून त्याला रबराच्या बैठकीवर बसवणेही आवश्यक ठरते.

कायद्याची रेषा

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार वाहनाच्या मूलभूत वैशिष्ट्यात फरक पाडणारा बदल निर्बंधित आहे. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदलांना मनाई केली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद झाली. त्याच जागी, तेच काम करणारा रेडिएटर या व्याख्येत बसत नाही. परंतु मूळ पेट्रोल इंजिन काढून मोठे डिझेल इंजिन बसवलेल्या जीपचे काय? अशा इंजिनाची उष्णता जुन्या रेडिएटरला पेलत नाही, म्हणून मोठा रेडिएटर येतो. आणि त्यासाठी पुढचा पत्रा कापला जातो. तेथे प्रश्न रेडिएटरचा उरत नाही, परिवहन कार्यालयाच्या मंजुरीचा होतो. ती मंजुरी नसेल, तर नूतनीकरणाच्या तपासणीत आणि अपघातानंतर विमा दाव्यात मालकाची अडचण होते.

जुनी वाहने कमी करायची असतील, तर सरकारने ते स्पष्टपणे करावे. पण शुल्क भरून ती चालवण्याची मुभा दिली असेल, तर ती सुरक्षितपणे चालावीत, हीही सरकारचीच जबाबदारी ठरते. कोणता रेडिएटर कोणत्या इंजिनासाठी, किती दाबाच्या झाकणासह आणि कोणत्या कूलंटसह वापरावा, एवढी माहिती खोक्यावर ठळक मराठीत छापणे उत्पादकांना अवघड नाही. तोवर घाटातील मालकाने रेडिएटरच्या आधी आवरण, झाकण, पट्टा आणि थर्मोस्टॅट तपासावेत. अनेकदा एवढ्यानेच नव्या रेडिएटरचा खर्च वाचतो.