संगणक हँग झाला म्हणून पाळी कोणाची जावी?



"साहेब, मशीन तुमचं बिघडलं आन् पाळी माझी गेली, हे कसं काय?" असा सवाल २०२५ च्या ऑगस्टमध्ये आमच्या एका गट ऑफिसात एका वयस्कर सभासदाने केला. आबांचा आवाज चढलेला नव्हता, म्हणूनच तो सवाल जास्त लागला. त्या दिवशी आमच्यापाशी उत्तर नव्हते. आज आहे, आणि ते सर्वांपुढे मांडणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

हकीकत अशी. सदर ऑफिसातील संगणक सहा वर्षांचा. ऊसनोंद, तोडणीचे पाळीपत्रक, शेतांचे नकाशे, सगळे त्याच्यावर. तो मंद चालतो अशी तक्रार होती, म्हणून जुलैअखेर त्यात सुधारणा करून घेतली. एकाच दुपारी चार बदल झाले. ८ जीबी रॅमची जुनी पट्टी होती, तिच्या जोडीला दुसरी तेवढीच बसविली. जुनी हार्डडिस्क काढून एसएसडी घातली. नकाशे दोन पडद्यांवर दिसावेत म्हणून ग्राफिक्स कार्ड लावले. आणि जाता जाता कारागिराने रॅमचा वेगही सेटिंगमधून वाढवून दिला. आठ दिवस संगणक घोड्यासारखा पळाला. आम्हीही समाधान मानले.

मग अडसाली नोंदीची गर्दी सुरू झाली आणि घोडा बसला. दिवसातून दोनदा-तीनदा पडदा जागच्या जागी थिजायचा. माऊस हलेना, की चालेना. कधी निळा पडदा यायचा, तर कधी मशीन एकदम बंद होऊन आपोआप सुरू व्हायचे. ऑफिसात एकच उत्तर ऐकू येऊ लागले, "हँग झालाय, दुपारनं या." सहा-सात किलोमीटरवरून कामधाम सोडून आलेल्या माणसाला हे उत्तर म्हणजे अख्खा दिवस बुडाला.

आबांची नोंद नेमकी अशाच वेळी चालू होती. ती अर्धवट राहिली. ९ ऑगस्टला लिपिकाने ती नव्याने घातली, तेव्हा फॉर्ममध्ये लागण तारखेच्या रकान्यात त्या दिवसाची तारीख आपोआप आली आणि घाईत तशीच राहिली. आबांची लागण होती ५ जुलैची. म्हणजे कागदावर ऊस पस्तीस दिवसांनी लहान झाला! २०२६-२७ च्या हंगामात पाळी लागणार ती लागण तारखेवर. महिनाभर ऊस मागे पडला म्हणजे तुरा येणार, वजन घटणार, मागचे पीक हुकणार. हे सभासदांना आम्ही सांगायला नको.

सुदैवाने चिटबॉयने बांधावर लिहून दिलेली पावती आबांनी जपून ठेवली होती. तिच्यावरून दुरुस्ती झाली. त्या पंधरवड्याच्या सर्व नोंदी आम्ही स्थळप्रतींशी ताडून पाहिल्या, तेव्हा आणखी सहा ठिकाणी फरक निघाला. तोही दुरुस्त केला आहे.

आता दोष कोणाचा? जो तो दुसऱ्याकडे बोट दाखवीत होता. कारागीर म्हणे, सॉफ्टवेअरचा. सॉफ्टवेअरवाले म्हणत, गावच्या विजेचा. बहुतेकांचा संशय नव्या एसएसडीवर. आणि आम्ही? आम्ही लिपिकाला म्हणालो, "तुझाच हात जड पडतोय." हे शब्द आज आम्हाला सलतात. चोर सोडून संन्याशाला फाशी, यातला प्रकार.

अखेर त्याच गटातील एका सभासदाचा मुलगा, जो तालुक्याला दुरुस्तीचे काम करतो, तो आला. त्याने प्रथम मशीन उघडलेच नाही. आधी सगळा डेटा बाहेरच्या डिस्कवर उतरवून घेतला. मग लिपिकाला एक वही दिली आणि सांगितले, "बिघडेल तेव्हा वेळ लिहा, काय काम चालू होतं ते लिहा, आणि पडद्यावर काय दिसलं ते लिहा." दोन दिवसांत वही बोलू लागली. मशीन आपोआप बंद व्हायचे ते नकाशे उघडल्यावर. निळा पडदा मात्र कोणत्याही कामात यायचा आणि दर वेळी त्यावरचा मजकूर वेगळा असायचा.

मग त्याने एकेक बदल मागे घेतला. पहिल्यांदा नुसते ग्राफिक्स कार्ड काढले, बाकी काही हलविले नाही. दोन दिवस मशीन आपोआप बंद पडले नाही. निळा पडदा मात्र येतच राहिला. याचा अर्थ बिघाड एक नव्हता, दोन होते!

पहिला बिघाड पॉवर सप्लायचा, बाजारात ज्याला एसएमपीएस म्हणतात त्याचा. सहा वर्षांची पेटी, जाळीवर धुळीचा थर, पंखा मंद. कार्डाने जादा वीज मागितली की ती दम टाकायची. पेटीवर छापलेले वॅट हे ती नवी असतानाचे असतात, हे आपण विसरतो. विहिरीवर ५ एचपीच्या जागी साडेसात एचपीची मोटर बसवायची, केबल आणि स्टार्टर जुनाच ठेवायचा, आणि ट्रिप झाली की मोटरला शिव्या द्यायच्या, तसे हे झाले.

दुसरा बिघाड रॅमचा. जुनी पट्टी २४०० वेगाची, नवी २६६६ ची. अशा दोन पट्ट्या एकत्र लावल्या की दोन्ही हळू पट्टीच्या वेगाने चालविणे सुरक्षित. बैलजोडीत एक बैल उमदा आणि एक थकलेला असला, तर जू थकलेल्याच्या चालीनेच ओढावे लागते. येथे सेटिंगमधून दोघींनाही २६६६ वर पळविले होते. त्या मुलाने मेमटेस्ट ८६ हा तपासणीचा प्रोग्रॅम पेन ड्राइव्हवरून रात्रभर चालविला. प्रत्येक पट्टी एकटी, आपापल्या वेगाने, निर्दोष. दोन्ही मिळून वाढीव वेगाने, चुकाच चुका. वेग २४०० वर आणला आणि रात्रभरात एकही चूक नाही. रॅमच्या तपासणीत 'थोड्या चुका चालतील' असे नसते. एक चूक निघाली तरी ती जोडणी नापास.

नवा एसएमपीएस बसविला, कार्ड पुन्हा लावले, आठवडाभर पाहिले. तेव्हापासून मशीन बिनतक्रार चालू आहे. आणि सगळ्यांनी जिच्यावर आळ घेतला ती एसएसडी? तिचा यात काहीही संबंध नव्हता.

आता आमचे मत. आम्ही शेतकी पदविका घेतली तेव्हा चाचणी प्रयोगाचा पहिला धडा शिकलो, की एका प्लॉटात एका वेळी एकच गोष्ट बदलायची. बेणे नवे, खताचा डोस नवा आणि सरीतले अंतरही नवे केले, तर टनेज कशाने वाढले वा घटले हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. हा धडा आम्ही तुमच्या बांधावर येऊन तुम्हाला सांगतो, आणि आमच्याच टेबलावर विसरलो. संगणक नवा असेल, पण अक्कल जुनीच लागते.

कोणी म्हणेल, एकेक बदल करायला वेळ कुठे आहे? आमचे उत्तर असे, की चार बदल एका दुपारी उरकले आणि दोन आठवडे गेले. एकेक करून तपासत गेलो असतो, तर फार तर एक आठवडा लागला असता, आणि आबांची तारीख चुकली नसती. दुसरे कोणी म्हणेल, सरळ नवीन संच घ्या. जेथे गरज आहे तेथे जरूर घ्यावा. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे आणि काही जुनी मशीन विंडोज ११ घेत नाहीत. परंतु नवा संचही तपासल्याशिवाय कामाला जुंपू नये. आणि रोग न शोधता मशीन फेकणे म्हणजे सभासदांचाच पैसा फेकणे होय.

आता पुष्कळ सभासदांच्या घरी मुलांसाठी संगणक आला आहे. नवा भाग बसविल्यावर तो अडू लागला, तर चार गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. जड काम चालू होताच मशीन पटकन बंद पडत असेल, तर आधी पॉवर सप्लाय आणि उष्णता पाहावी. निळा पडदा दर वेळी वेगळा मजकूर दाखवीत असेल, तर रॅम तपासावी. मशीन काही क्षण थिजून पुन्हा चालू होत असेल आणि डिस्कचा दिवा जळतच राहत असेल, तर डिस्क व तिची केबल पाहावी. एका ठराविक प्रोग्रॅमलाच अडत असेल, तर त्याचा वा कार्डाचा ड्रायव्हर पाहावा. हे अंदाज आहेत, निकाल नव्हेत. निकाल एकेक भाग काढूनच लागतो. विंडोजच्या नोंदीत 'कर्नल पॉवर ४१' असे दिसले, तर घाबरू नये. मशीन नीट बंद न होता पुन्हा सुरू झाले, एवढाच त्याचा अर्थ. का, ते त्यात नसते. मशीन उघडण्यापूर्वी प्लग काढावा, आणि एसएमपीएसची पेटी मात्र घरी कदापि उघडू नये. प्लग काढल्यावरही तिच्यात धक्का बसण्याइतकी वीज साठून राहते.

शेवटी, कारखान्याच्या व्यवस्थेबद्दल आमच्या चार सूचना आहेत आणि त्या आम्ही संचालक मंडळाकडेही दिल्या आहेत. पहिली, नोंदीच्या व गाळपाच्या दिवसांत कोणत्याही गट ऑफिसच्या संगणकात बदल करू नयेत. गाळप संपल्यापासून अडसाली लागणीपर्यंतचा काळ त्यासाठी मोकळा असतो. दुसरी, बदल एका वेळी एकच, आणि त्याची तारीखवार नोंद मशीनशेजारच्या वहीत. तिसरी, डेटाची प्रत रोज संध्याकाळी बाहेर घ्यावी, आणि ती परत उतरते की नाही हे महिन्यातून एकदा पाहावे. चौथी, आणि आमच्या दृष्टीने सर्वांत मोठी. 'हँग झालाय' हे सभासदाला द्यायचे उत्तर नव्हे. मशीन बंद असेल, तर हाती लिहिलेली, तारीख, वेळ आणि सही असलेली पावती तेथेच मिळाली पाहिजे. पाळी त्याच पावतीवर धरावी.

तोपर्यंत सभासदांनी आपले काम करावे. चिटबॉयची पावती घेतल्याशिवाय बांधावरून त्याला हलू देऊ नये, आणि घेतलेली पावती ट्रंकेत नीट ठेवावी. आपली लागण तारीख गट ऑफिसच्या पडद्यावर स्वतःच्या डोळ्यांनी एकदा पाहून घ्यावी. त्यात संकोच कसला? मशीन कारखान्याचे आणि कारखाना तुमचा.

आबांच्या सवालाचे उत्तर आता देतो. आबा, मशीन आमचे बिघडले, तर पाळी तुमची जाता कामा नये. तुमची गेली नाही ती तुमच्या जपून ठेवलेल्या कागदामुळे, आमच्या हुशारीमुळे नव्हे. पुढच्या वेळी ती आमच्या शिस्तीमुळे राहावी, अशी खटपट आम्ही सुरू केली आहे.



— ऊस विकास अधिकारी