मृत्यूच्या नोंदवहीतील ‘ताप’

गेल्या महिन्यात बेसा येथील आमच्या वसाहतीतील एका वयोवृद्ध गृहस्थांचे राहत्या घरी निधन झाले. वीस वर्षांचा मधुमेह, पायाची न भरणारी जखम आणि अखेरच्या आठवड्यात चढलेला ताप, हा आजाराचा क्रम शेजाऱ्यापाजाऱ्यांनाही ठाऊक होता. दाखल्यावर मात्र मृत्यूचे कारण म्हणून ‘हृदयक्रिया बंद पडणे’ एवढेच लिहून आले. हृदयक्रिया चालू राहून कोणी मेल्याचे आजवर ऐकिवात नाही! कुटुंबीयांना वारसाच्या कामासाठी कागद हवा होता, तो मिळाला; कोणाची तक्रार नव्हती. प्रस्तुत लेखकाला तेवढी शंभर वर्षांपूर्वीच्या नोंदवह्यांतील एका रकान्याची आठवण झाली.

विसाव्या शतकाच्या आरंभी सरकारी अहवालांत मृत्यूच्या कारणांचे मोजकेच रकाने असत: पटकी, देवी, प्लेग, ताप, हगवण व अतिसार, श्वसनाचे विकार, इजा आणि इतर. मध्य प्रांतात खेड्याचा कोतवाल वही घेऊन पोलीस ठाण्यावर जाई आणि घरच्या मंडळींनी सांगितलेले कारण तेथे नोंदले जाई. शहरांतही वैद्यकीय तपासणी होऊन नोंदलेला मृत्यू विरळाच. परिणामी देशात नोंदलेल्या मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक एकट्या ‘ताप’ या सदरात जमा होत. त्यात हिवताप होता, विषमज्वर होता, क्षय होता, फुप्फुसदाह होता, बाळंतज्वर होता. दुष्काळाने खंगलेल्या माणसाचा अखेरचा आजारही त्याच सदरात जाऊन पडे.

अर्थशास्त्राच्या अभ्यासकाला यातील एक गोष्ट विशेष जाणवते. ज्या रोगांना स्वतःचा रकाना होता, त्यांच्यासाठी नगरपालिकांच्या अंदाजपत्रकात कमी-अधिक तरतूद झाली. देवीसाठी लस टोचणारे नेमले गेले. पटकीच्या धास्तीने शहरांनी नळाच्या पाण्यावर पैसा खर्च केला. नागपुरात अंबाझरीचे पाणी १८७० च्या दशकातच आले आणि पुढे गोरेवाड्याची भर पडली. प्लेगसाठी तर उंदीर मारण्यापासून घरे उतरवून घेण्यापर्यंत सारे उपाय, कित्येकदा जुलमानेही, योजण्यात आले. परंतु ‘ताप’ हा कोणता एक रोग नव्हताच. मग त्यावर खर्च तरी कशाचा करायचा? विषमज्वर हाही पाण्यातूनच पसरतो. मात्र त्याचे बळी तापाच्या ढिगात गाडले गेल्याने गटारांच्या कामाला त्यांची साक्ष कधी मिळाली नाही.

अंशाची ही कथा, तर छेदाची आणखी निराळी. मृत्यूदर म्हणजे मृतांची संख्या भागिले लोकसंख्या. १९०१ च्या शिरगणतीत नागपूरची लोकसंख्या १,२७,७३४ होती. १९११ मध्ये ती सुमारे एक लाखावर आली. एवढी माणसे मेली होती असे नव्हे. शिरगणतीच्या वेळी शहरात प्लेग होता आणि ज्यांना शक्य होते ते घरांना कुलपे लावून बाहेर गेले होते. प्लेगच्या दिवसांत वस्ती सोडून माळावर झोपड्या घालणे ही आपल्याकडील सर्वत्रची रीत होती. १९२१ च्या गणतीत हेच शहर १,४५,००० वर गेलेले दिसते. आता १९११ च्या आकड्याने भागून कोणी नागपूरचा मृत्यूदर काढील, तर तो रित्या शहराचा दर ठरेल.

मुंबईचे उदाहरण याहून बोलके आहे. १९२१ साली तेथे नोंदलेल्या दर हजार जन्मांमागे सहाशेहून अधिक बालके वर्षाच्या आत दगावल्याची नोंद आहे. एका खोलीत राहणाऱ्या कुटुंबांत हे प्रमाण ८२८, दोन खोल्यांत ३२२, तीन खोल्यांत १९१ आणि चार वा अधिक खोल्यांत १३३ असे उतरत जाते. आकडे वाचून अंगावर काटा येतो. तथापि गिरणगावातील स्त्री बाळंतपणाला कोकणात वा घाटावर माहेरी जात असे. जन्माची नोंद तिकडे होई आणि मूल घेऊन ती चाळीत परतल्यावर ते दगावले तर मृत्यूची नोंद मुंबईत. छेद आखडला की दर फुगतो, आणि ही आवकजावक एका खोलीतल्या कुटुंबांत अधिक असणार. ही सूट देऊनही एक खोली आणि चार खोल्या यांतील अंतर केवळ हिशेबाच्या चुकीने पडले, असे म्हणण्यास मन धजत नाही. कोंदट खोली, सामाईक नळ व शौचकूप, आणि बाळाला घरी ठेवून कामावर जाणारी आई, हे सारे त्या ८२८ मध्ये आहे.

१९१८ च्या मानमोडीने या व्यवस्थेचे पितळ उघडे पाडले. मध्य प्रांत व वऱ्हाड हे त्या साथीने सर्वाधिक होरपळलेल्या प्रदेशांपैकी होते. पण मानमोडीला रकाना नव्हता. तिचे बळी बव्हंशी ‘ताप’ या सदरात पडले. तेव्हा एरवीच्या वर्षांत तापाने किती मरतात ते पाहायचे, ते वजा करायचे आणि उरलेले मृत्यू साथीचे मानायचे, हाच मार्ग उरला. अशा वजाबाकीतून देशातील बळींचा प्रथम केलेला अंदाज साठ लाखांच्या आसपास होता. पुढील अभ्यासकांनी तो सव्वा ते पावणेदोन कोटींपर्यंत नेला. एका पिढीच्या मरणाच्या अंदाजात कोटीभराची तफावत!

शंभर वर्षांनी आपण त्याच वजाबाकीपाशी येऊन थांबलो. २०२० मध्ये देशात सुमारे ८१ लाख मृत्यू नोंदले गेले आणि २०२१ मध्ये १ कोटी २ लाख. ही वाढ वीस लाखांवर जाते. त्या वर्षीचे करोनाचे अधिकृत बळी मात्र साडेतीन लाखांच्याही आत आहेत. वाढीतील काही भाग नोंदणी सुधारल्याचा असेल, हे मान्य. किती, याचे उत्तर कारणांच्या रकान्याने द्यायला हवे होते. ते तो देऊ शकत नाही, कारण २०२० मध्ये नोंदलेल्या मृत्यूंपैकी वैद्यकीय प्रमाणपत्र असलेले मृत्यू जेमतेम २२.५ टक्के होते. जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ चा आहे. २०२३ च्या दुरुस्तीने रुग्णालयांवरील कारण कळविण्याची जबाबदारी अधिक स्पष्ट केली. घरी झालेल्या मृत्यूचे कारण मात्र अजून बहुधा वहीबाहेरच राहते.

बेसा-पिपळा हा भाग पाहता पाहता खेड्याचे शहर झाला. इमारती आधी आल्या. पाणी आणि मलनिस्सारण त्यांच्यामागून, धापा टाकीत येत आहेत. एकाच आवारात कूपनलिका आणि शौचटाकी, उन्हाळ्यात टँकर, हे चित्र येथे नवे नाही. या वस्तीत कावीळ व विषमज्वर किती, मधुमेहाने पाय गमावून मरणारे किती, हे सांगणारा कागद असल्याखेरीज जलवाहिनी आधी की दवाखाना आधी, हा वाद नगरपंचायतीत आवाजाच्या जोरावरच मिटणार. उपाय फार खर्चाचा नाही. घरी मृत्यू झालेल्या कुटुंबाकडे काही आठवड्यांनी प्रशिक्षित कर्मचाऱ्याने जावे, आजाराचा क्रम विचारून ठराविक प्रश्नावली भरावी आणि डॉक्टरांनी ती वाचून कारण ठरवावे. देशाच्या नमुना नोंदणी पाहणीत ही पद्धत वापरली जाते. नगरपंचायतीने येत्या अंदाजपत्रकात यासाठी एका कर्मचाऱ्याचे वेतन धरावे आणि दर तिमाहीला, नावे वगळून, मृत्यूच्या कारणांचा तक्ता कार्यालयाच्या फलकावर लावावा.