फ्लॅटन करण्याआधी जरा थांबा!

फेस्ट जवळ आलं की एक संवाद हमखास ऐकू येतो. "गेल्या वर्षीच्या पोस्टरची फाइल आहे का रे?" "आहे ना, जेपीजी आहे." झालं! आता जुन्या तारखेवर रंगाचा चौकोन ठोका, त्यावर नवी तारीख टाका आणि चांगल्या डिझाइनची वाट लावा. मित्रहो, माझं म्हणणं सरळ आहे. पोस्टर असो की फोटो, लेअर्ससकट फाइल पुढच्यांच्या हातात दिल्याशिवाय काम पूर्ण झालं असं म्हणूच नये.

आम्हा कॉन्व्हेंटवाल्यांच्या तोंडात 'लेअर' हाच शब्द आधी येतो. तुम्ही थर म्हणा, चिरोट्याचे पापुद्रे म्हणा. एकावर एक ठेवलेले पारदर्शक कागद. वरच्यावर काहीही रेघोट्या ओढा, खालचा तसाच राहतो. फोटोशॉप १९९० मध्ये आलं तेव्हा ही सोय नव्हतीच. ती १९९४ मध्ये ३.० आवृत्तीत आली. त्याआधी चित्रावर काही चिकटवून सिलेक्शन सोडलं, की ते खालच्या पिक्सेल्समध्ये कायमचं मिसळायचं. आपण फ्लॅटन करून जेपीजी तेवढी ठेवतो, म्हणजे हौसेने १९९४ च्या मागे जातो!

यात साधं गणित आहे. वरच्या लेअरची ओपॅसिटी ४० टक्के असेल, तर दिसणाऱ्या रंगात ४० टक्के वाटा वरचा आणि ६० टक्के खालचा. फ्लॅटन केल्यावर फक्त उत्तर उरतं. समीकरण एक, अज्ञात दोन. एम-वनमध्ये कितीही मार्क असोत, सोडवून दाखवा!

म्हणून खोडरबराऐवजी लेअर मास्क वापरावा. मास्कवर काळा रंग दिला की भाग झाकला जातो, पांढरा दिला की परत दिसतो. पुसलं काहीच जात नाही.

मराठी मजकुराचं तर विचारूच नका. सॉफ्टवेअरचं सेटिंग चुकलं की जोडाक्षरं फुटतात, वेलांटी भलतीकडे जाते. टेक्स्ट लेअर जिवंत असेल तर दोन मिनिटांचं काम. तो चित्रात मुरला असेल तर ती चूक गेटवरच्या फ्लेक्सवर आठवडाभर झळकते, आणि मग आपणच म्हणतो, मराठीत पोस्टर नको बुवा, कटकट आहे!

कोणी म्हणेल, फाइल जड होते. हिशोब करू. ए-फोर पान, ३०० डीपीआय, म्हणजे २४८० गुणिले ३५०८ पिक्सेल. प्रत्येकी ४ बाइट धरले तर एका पूर्ण लेअरला सुमारे ३५ एमबी. दहा लेअर्स म्हणजे ३५० एमबी, आणि रिकाम्या जागेला कॉम्प्रेशन मिळून बहुधा कमीच. एका पिक्चरपेक्षा कमी जागा! फोटोशॉप परवडत नसेल तर गिम्प फुकट आहे, त्यातही लेअर्स आहेत, मास्क आहेत.

पण माझा खरा मुद्दा वेगळाच आहे. ग्रुप फोटोत सावळ्या चेहऱ्यांना न विचारता 'उजळ' करायची आपल्याकडे फार हौस. फ्लॅटन केलेल्या फोटोत त्या मुलीला कळणारही नाही की तिचा रंग बदललाय. लेअर्सची फाइल असेल तर डोळ्याच्या चिन्हावर एक क्लिक, की मूळ चेहरा समोर! आज एआय एका वाक्यात आख्खं आभाळ बदलून देतं. अशा वेळी 'मी नेमकं काय बदललं' हे दाखवता येणं हाच प्रामाणिकपणा. ड्रॉइंगमध्ये सुधारणा केली तर आपण रिव्हिजन नंबर टाकतो ना? मग माणसाच्या चेहऱ्याला तेवढाही मान नको?

तेव्हा प्रत्येक कमिटीने जाताना तीन गोष्टी द्याव्यात. लेअर्ससकट फाइल, वापरलेल्या फॉन्ट्सची यादी, आणि लेअर्सना धड नावं. 'लेअर ७ कॉपी ३' हे नाव नव्हे!

बघा, पटतंय का. नाही पटलं तर कॅन्टीनमध्ये भेटा, वाद घालू. चहा मात्र तुमच्याकडून!