उसनं आभाळ

आज ज्याच्या हातात मोबाईल तो फोटोग्राफर! पावसाळ्यात सोमेश्वरचा धबधबा, हिवाळ्यात गंगापूर धरणाचं बॅकवॉटर, सिव्हिलवाल्यांची साईट व्हिजिट. आपल्या गंगापूर रोडवर फोटोला विषयांची काय कमी! आणि यातल्या निम्म्या फोटोंबद्दल तक्रार एकच: "सगळं मस्त आलं रे, फक्त आभाळ पांढरं झालं." मग रात्री जेवणानंतर लॅपटॉप उघडतात आणि एडिटिंग सुरू होतं. या पांढऱ्या आभाळाचं नक्की काय करावं, याबद्दल मला चार शब्द सांगायचे आहेत.

आधी ते पांढरं का होतं ते पाहू. सकाळी होस्टेलच्या नळाखाली बादली लावतो ना, सेन्सरवरचा प्रत्येक पिक्सेल तशीच एक बादली आहे. उजेड पडतो तशी ती भरते. एकदा काठोकाठ भरली की पुढचं पाणी सरळ मोरीत! मग नळ दोन मिनिटं जास्त चालू होता की दहा मिनिटं, हे बादलीकडे बघून कोणीच सांगू शकत नाही. फोटोग्राफीत एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट. म्हणजे आभाळ जमिनीपेक्षा चार स्टॉप उजळ असेल, तर ते सोळा पट उजळ झालं. जमीन नीट दिसावी म्हणून एक्स्पोजर वाढवलं की आभाळाच्या बादल्या ओसंडून वाहणारच. जेपेग फाईलमध्ये प्रत्येक रंगाला ० ते २५५ एवढ्याच पायऱ्या असतात. लाल, हिरवा, निळा तिन्ही २५५ वर पोचले की तिथे ढग होता की निळाई, ही माहिती फाईलमध्ये उरतच नाही.

पण प्रत्येक पांढरं आभाळ असं मेलेलं नसतं. रॉ फाईल १२ बिटची असेल तर ४०९६ पायऱ्या मिळतात, १४ बिटची असेल तर १६,३८४. शिवाय पुष्कळदा एखादाच चॅनेल भरलेला असतो, बाकीच्यांत ढगाचा आकार शिल्लक असतो. अशा वेळी हायलाईट्सचा स्लायडर खाली आणा, वरून खाली येणारा ग्रॅज्युएटेड मास्क लावा, झाडांच्या आणि तारांच्या कडांना पांढरी झालर राहत नाही ना ते बघा. ढग हळूहळू परत येतात. हा प्रकार मला मनापासून आवडतो, कारण यात आपण नवीन काही घालत नाही, लपलेलं बाहेर काढतो. आणि जिथे खरोखर काहीच नाही, तिथे स्लायडर कितीही ओढा, सिमेंटच्या पत्र्यासारखा सपाट करडा रंग मिळतो. तो पत्रा म्हणजे फाईलचं प्रामाणिक उत्तर आहे: "माझ्याकडे माहिती नाही."

पण हे उत्तर कोणाला नको असतं. फोटोशॉपमध्ये ऑक्टोबर २०२० पासून आभाळ बदलायची कमांडच आली, आता मोबाईलमध्येही एका टिचकीत काम होतं. परिणाम? धरणाच्या भिंतीवर सावल्या दुपारी बाराच्या आणि डोक्यावर आभाळ सूर्यास्ताचं! मागे एका साईट व्हिजिटच्या रिपोर्टात मी असाच फोटो पाहिला. सगळ्यांनी "वा!" केलं. मला मात्र प्रश्न पडला, की ज्या रिपोर्टात आभाळ उसनं आहे, त्यातल्या रीडिंगवर विश्वास का ठेवायचा?

आता कोणी म्हणेल, यात नवीन काय? बरोबर आहे. फ्रान्सच्या गुस्ताव्ह ल ग्रे यांनी १८५६-५७ च्या सुमारास समुद्र एका निगेटिव्हवरून आणि आभाळ दुसऱ्या निगेटिव्हवरून घेऊन एकत्र छापलं होतं. त्या काळची काच निळ्या रंगाला इतकी संवेदनशील, की समुद्र नीट आला तर आभाळ जळून जायचं. आणि इतक्या लांब तरी कशाला जायचं? आपल्या त्र्यंबकेश्वरला जन्मलेले दादासाहेब फाळके ट्रिक फोटोग्राफीचे उस्तादच होते. 'लंकादहन' (१९१७) आणि 'कालिया मर्दन' (१९१९) मध्ये त्यांनी कॅमेऱ्याच्या करामती केल्या आणि लोकांनी त्या डोक्यावर घेतल्या. ती फसवणूक नव्हती. आपण पुराणातली गोष्ट बघतोय हे प्रेक्षकाला पक्कं ठाऊक होतं.

पण याच फाळक्यांनी त्याआधी, १९१२ मध्ये, आणखी एक छोटी फिल्म केली होती. वाटाण्याच्या रोपाची वाढ! रोज थोड्या थोड्या फ्रेम घेत त्यांनी बी पासून रोपापर्यंतचा प्रवास टिपला, आणि ती फिल्म बघून भांडवल देणाऱ्याचा विश्वास बसला. समजा, मधली एखादी फ्रेम बिघडली म्हणून त्यांनी दुसऱ्याच कुंडीतलं रोप तिथे घातलं असतं तर? फिल्म दिसली असती तशीच, पण तिचा अर्थ संपला असता. माणूस एकच, कॅमेराही त्याचाच. फरक एवढाच, की एका ठिकाणी तो गोष्ट सांगत होता आणि दुसऱ्या ठिकाणी पुरावा देत होता.

आपले बरेचसे फोटो दुसऱ्या प्रकारात मोडतात, हे आपण विसरतो. ऑगस्ट २०१६ आणि ऑगस्ट २०१९ मध्ये गोदावरीला पूर आला. पाणी दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत चढलं, यावरून नाशिककर पुराचा अंदाज घेतात. पुराच्या फोटोत आभाळही तेवढंच बोलतं. पाऊस थांबल्यावरही गंगापूर धरणातून विसर्ग चालू असू शकतो, म्हणजे वर उघडीप आणि खाली पूर, असंही चित्र दिसतं. फोटो 'भारी' दिसावा म्हणून तिथे काळेकुट्ट ढग बसवले, तर दहा वर्षांनी तो बघणाऱ्याला वाटणार की त्या क्षणी धो धो पाऊस चालू होता. पांढरं आभाळ निदान गप्प तरी बसतं, उसनं आभाळ खोटी साक्ष देतं!

म्हणून माझी सूचना साधी आहे. पोस्टर करा, कवितेला चित्र करा, खुशाल तीन चंद्र लावा, पण खाली 'आभाळ बदललेलं आहे' एवढी एक ओळ छापा. फोटो स्पर्धेला मूळ फाईल मागवा. रिपोर्टात, पुराच्या आणि समारंभाच्या फोटोंत आभाळ बदलायचं नाही. सर-मॅडमनीही सबमिशन तपासताना एकदा सावल्यांकडे बघावं, पुष्कळ काही कळेल.

आणि मुळात ही वेळच येऊ नये म्हणून क्लिक करताना हिस्टोग्राम बघा. उजव्या भिंतीला ढीग चिकटला की एक्स्पोजर कमी करा. आभाळ सांभाळा, जमीन थोडी अंधारी आली तरी नंतर उजळता येते. ट्रायपॉड असेल तर कमी-जास्त एक्स्पोजरचे तीन फोटो घेऊन जोडा. ते तिन्ही फोटो त्याच ठिकाणचे, त्याच घटकेचे, म्हणून ती जोडणी मला मान्य आहे. एवढं करूनही आभाळ पांढरं आलंच, तर येऊ द्या की! त्या क्षणी तिथे आभाळ जमिनीपेक्षा खूप उजळ होतं, एवढं तरी ते खरं सांगतं.