गेमच्या डब्यातून दिसलेली दीक्षाभूमी



या सदरात आम्ही बहुधा शिष्यवृत्तीचे अर्ज, जातपडताळणीची कागदपत्रे, लग्नातला अवास्तव खर्च अशा विषयांवर लिहीत असतो. आज टीव्हीवर लिहिणार आहोत. टीव्हीवर काय लिहायचे, असे कुणी म्हणेल. पण ज्या गोष्टीसाठी दर महिन्याला आपल्या घरातून पैसे जातात आणि रोज संध्याकाळी जी आपल्या मुलाबाळांच्या डोक्यात काही ना काही भरत असते, ती गोष्ट किरकोळ कशी म्हणावी?

निमित्त घडले २०२४ सालच्या अशोक विजयादशमीचे. त्या वर्षी ती १२ ऑक्टोबरला आली होती. मावळात कामशेत आणि मळवलीच्या दरम्यान एका वस्तीत आपला छोटासा विहार आहे. सकाळी ध्वजारोहण, त्रिसरण-पंचशील, बुद्धवंदना झाली. संध्याकाळी नागपूरच्या दीक्षाभूमीवरचा मुख्य सोहळा सर्वांनी एकत्र बसून पाहायचा, असे महिला मंडळाने ठरवले होते. शेतमजुरी करणाऱ्या, लोणावळ्याच्या बंगल्यांत धुणीभांडी करणाऱ्या बायांना नागपूरचे भाडे कुठून परवडणार? त्यांनी चटया अंथरल्या, मुलांना पुढे बसवले, टीव्ही लावला. पाहतात तर आपल्या विचारांची जी वाहिनी इतके दिवस लागत होती, ती जागेवर नाही. सगळ्या वाहिन्या चाळून झाल्या. नाहीच.

केबलवाल्याला फोन केला. तो शेजारच्याच वाडीतला कष्टाळू तरुण. तो म्हणाला, "काका, वरूनच काढलीय. माझ्या हातात काही नाही."

त्याचे म्हणणे खोटे नव्हते. गावातला केबलवाला आपल्या मनाने वाहिन्या दाखवत नाही. त्याला त्या वरच्या मोठ्या केबल कंपनीकडून मिळतात. या मोठ्या कंपनीच्या यादीत जागा मिळवण्यासाठी लहान वाहिनीला उलट पैसे मोजावे लागतात. त्याला धंद्यात कॅरेज फी म्हणतात. बड्या वाहिन्या आपले चित्र देण्याचे पैसे घेतात आणि समाजाच्या वर्गणीवर चालणारी वाहिनी दाखवून घेण्यासाठी पैसे देते. ज्या दिवशी ते देणे जमत नाही, त्या दिवशी ती यादीतून जाते. प्रेक्षकाला कुणी विचारत नाही.

आम्हांला या वेळी 'मूकनायक'ची आठवण झाली. ३१ जानेवारी १९२० रोजी बाबासाहेबांनी ते पाक्षिक सुरू केले, तेव्हा त्याची जाहिरात पैसे देऊनही छापायला 'केसरी'ने नकार दिला होता. शंभर वर्षांत कागद गेला, तार आली, तबकडी आली. पण दारावर बसून आत कुणाला सोडायचे हे ठरवणारा कुणीतरी दुसराच असतो, ही गोष्ट फारशी बदललेली नाही.

असो. मंडळी हिरमुसली होऊन बसली असता वस्तीतला एक मुलगा उठला. हा लोणावळ्यात एका बंगल्यावर देखभालीचे काम करतो. बंगल्याच्या मालकाने नवा प्लेस्टेशन घेतला, तेव्हा जुना याला दिला आणि त्याचे पैसे पगारातून महिना हजार रुपये कापून घेतले. त्यावरून घरात बरीच बोलणी खाल्ली होती त्याने. आम्हीही त्याला एकदा सुनावले होते. तो घरी धावत गेला आणि तो काळा डबा घेऊन आला. एक तार टीव्हीच्या मागे खोचली, स्वतःच्या मोबाइलचे हॉटस्पॉट चालू केले.

एक आजी म्हणाल्या, "आरं, ह्यो तर खेळायचा डबा. ह्याच्यात कसं दिसंल नागपूर?"

"दिसतंय आजी, जरा दम धरा," तो म्हणाला.

त्याने डब्यात यूट्यूब उघडले, नाव शोधले आणि दीक्षाभूमीचा स्तूप पडद्यावर आला. समोर अथांग जनसमुदाय. विहारात कुणी सांगितले नाही, तरी सगळ्यांनी हात जोडले. मध्ये दोनदा चित्र अडकले, एकदा अगदी धूसर झाले. पण सोहळा शेवटपर्यंत पाहिला गेला. आम्ही त्या मुलाला मागे दिलेले बोल तिथेच परत घेतले.

दुसऱ्या दिवशी तोच मुलगा म्हणाला, "काका, आता विहारातली केबल बंदच करा की." विहार समितीत दोन तट पडले. हिशेब लिहिण्यात आमची नोकरी गेली, म्हणून समितीने आकडे मांडायचे काम आमच्याकडे दिले. त्यानिमित्ताने जी माहिती जमवली, ती आपल्यापुढे ठेवतो.

आधी हे चालते कसे ते समजून घेऊ. केबलमध्ये सगळ्या वाहिन्या एकदमच तारेतून घरापर्यंत येतात आणि आपण त्यातली एक निवडतो. इंटरनेटवर आपण मागू तेवढीच वाहिनी येते. थेट कार्यक्रमाचे चित्र काही सेकंदांच्या लहान लहान तुकड्यांत कापून पाठवले जाते आणि आपल्याकडचे यंत्र ते तुकडे ओळीने जोडून दाखवते. नेट मंदावले की हलक्या प्रतीचे तुकडे येतात, म्हणून चित्र धूसर होते. यंत्र दोन-चार तुकडे हाताशी जमवून मगच दाखवते, म्हणून चित्र थोडे उशिरा येते. क्रिकेटच्या सामन्यात केबलवाल्या शेजाऱ्याच्या घरात आरडाओरडा झाल्यावर आपल्याकडे षटकार दिसतो, तो यामुळे.

गेमच्या डब्यातून टीव्ही पाहणे ही आमच्या पोराची नवलाई नाही. सोनी कंपनीने अमेरिकेत मार्च २०१५ मध्ये 'प्लेस्टेशन व्ह्यू' नावाची सेवा सुरू केली. प्रथम न्यूयॉर्क, शिकागो आणि फिलाडेल्फिया या शहरांत. ना केबलची तार, ना छतावर तबकडी. महिन्याला सुमारे ५० डॉलरपासून पुढे भरायचे आणि खेळाच्या डब्यावरच थेट वाहिन्या पाहायच्या. तिकडची केबल फार महाग, म्हणून अनेक घरांनी ती तोडून हा मार्ग धरला. पण २९ ऑक्टोबर २०१९ रोजी कंपनीने सेवा बंद करत असल्याचे जाहीर केले आणि ३० जानेवारी २०२० रोजी ती बंद झाली. वाहिन्यांशी करावे लागणारे करार फार महाग पडतात, असे कारण कंपनीने दिले. एवढ्या बलाढ्य कंपनीचे दारही तीन महिन्यांच्या सूचनेवर बंद होऊ शकते, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

आपल्याकडे हा बदल गेमच्या डब्यातून न येता मोबाइलमधून आला. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ सुरू झाले, डेटा स्वस्त झाला आणि टीव्ही खिशात आला. पण इथेही फुकटाच्या मोहापासून सावध राहिले पाहिजे. २०२३ आणि २०२४ साली आयपीएलचे सामने मोबाइलवर फुकट दाखवले गेले. २०२५ मध्ये तेच सामने पूर्ण पाहायला वर्गणी किंवा ठरावीक रिचार्ज लागू लागला. आधी सवय लावायची आणि मग पावती फाडायची, ही व्यापाराची जुनी रीत आहे.

आता हिशेब. विहाराच्या केबलचे महिन्याला ३५० रुपये जात होते, म्हणजे वर्षाला ४,२००. ब्रॉडबँडचा साधा प्लॅन ३९९ रुपयांचा धरला, तर त्यावर १८ टक्के जीएसटी धरून ४७१ रुपये होतात, म्हणजे वर्षाला ५,६५२. केबल तोडली की पैसे वाचतात, असे जे पोरे सांगतात ते सरसकट खरे नाही. घरात मुलांच्या अभ्यासासाठी नेट आधीच घेतलेले असेल, तरच केबलचे पैसे वाचतात. नुसत्या टीव्हीसाठी नेट घेतले तर खर्च वाढतो. त्यात मालिकांच्या आणि सामन्यांच्या ॲपची वर्गणी वेगळी. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर रोज पाहू म्हणाल, तर साध्या चित्राला तासाला सुमारे १ जीबी आणि चांगल्या चित्राला ३ जीबीपर्यंत डेटा लागतो. दिवसाचा दीड जीबीचा पॅक एका कार्यक्रमात संपेल.

गेमचा डबाही टीव्हीसाठी म्हणून कुणी विकत घेऊ नये. नवा घेतला तर किंमत ५० हजारांच्या घरात जाते आणि चित्र दाखवायला तो लहान स्टिकपेक्षा कितीतरी पट वीज खातो. टीव्हीच्या मागे खोचायची स्टिक तीन-चार हजारांत तेच काम करते. डबा आधीपासून घरात असेल तर जरूर वापरा.

ज्यांना महिन्याचा कोणताच खर्च झेपत नाही, त्यांच्यासाठी प्रसार भारतीचे डीडी फ्री डिश आहे. २००४ पासून ती सेवा सुरू आहे. तबकडी आणि सेट टॉप बॉक्सचा एकदाच दोनेक हजार रुपये खर्च, पुढे मासिक भाडे नाही. पण त्यावर सगळ्या सशुल्क वाहिन्या नसतात. २०१९-२० मध्ये स्टार प्रवाहवर 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर – महामानवाची गौरवगाथा' ही मालिका सुरू होती, तेव्हा ती पाहण्यासाठी पुन्हा केबल घेतलेली घरे आम्हांला माहीत आहेत. आज्यांपासून नातवंडांपर्यंत सगळे एकत्र बसून पाहत होते. केबलने काहीच दिले नाही, असे आम्ही म्हणणार नाही.

आमच्या भागात आणखी एक अडचण पावसाची. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. जुलै-ऑगस्टच्या मुसळधारेत तबकडीचा सिग्नल जातो. खांबांवरून, झाडांवरून गेलेल्या तारा तुटतात, मग ती केबलची असो की नेटची. वीज गेली तर सगळेच बंद. म्हणून एकाच साधनावर भिस्त ठेवू नये, हे समितीपुढे आम्ही आग्रहाने मांडले.

राहिला प्रश्न केबलवाल्या तरुणाचा. आपण केबल तोडली तर त्याच्या पोटावर पाय येईल, असे महिला मंडळाच्या अध्यक्षा ताईंनी विचारले. हा प्रश्न आमच्या हिशेबात नव्हता, हे आम्ही मान्य करतो. चौकशी केली तेव्हा कळले की तोही आता ब्रॉडबँडची जोडणी देतो. मग विहाराची जोडणी त्याच्याकडूनच घ्यायची, असे ठरले.

समितीने निर्णय घेतला तो असा. विहारातली केबल बंद करून ब्रॉडबँड घ्यायचे. पोलिस भरतीचा आणि स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणाऱ्या मुला-मुलींनाही संध्याकाळी त्याचा उपयोग होईल. वस्तीतील ४० घरांनी महिना १० रुपये द्यायचे, म्हणजे वर्षाला ४,८०० जमतील. केबलचे वाचलेले ४,२०० त्यात मिळवले की ९,०००. त्यातून नेटचे ५,६५२ गेले की ३,३४८ उरतात. पहिल्या वर्षी त्यातून सुमारे दोन हजारांची फ्री डिशची तबकडी घ्यायची, म्हणजे नेट बंद पडले तरी टीव्ही चालेल. पुढल्या वर्षांपासून शिल्लक रक्कम आपल्या विचारांची वाहिनी आणि वृत्तपत्रे यांच्या वर्गणीला द्यायची. टीव्हीच्या मागे लावायची स्टिक एका सेवानिवृत्त बांधवाने दान दिली. नेटचा पासवर्ड दोन ताईंकडे राहील. कार्यक्रम संपला की पडदा बंद करायचा, कारण धम्मदेसनेनंतर यूट्यूब आपणहून पुढे काय लावील याचा नेम नाही. जमाखर्च दर महिन्याला फळ्यावर लिहायचा.

वर्गणीच्या कलमावर थोडी कुरकुर झाली. नेटवर आपली वाहिनी फुकट दिसते, मग पैसे कशाला, असे काहींचे म्हणणे पडले. त्यांना आम्ही एवढेच सांगितले की बाबासाहेबांचे 'बहिष्कृत भारत' १९२९ साली बंद पडले, ते वाचणारे नव्हते म्हणून नव्हे, तर पैशाअभावी. फुकट दिसणाऱ्या कार्यक्रमालाही कॅमेरा लागतो आणि कॅमेरा धरणाऱ्याला घर असते. दुसऱ्यांच्या मालिकांसाठी आपण वर्षानुवर्षे महिना साडेतीनशे मुकाट्याने भरले. मग आपल्या माणसांसाठी महिना दहा रुपये जड का व्हावेत? कुरकुर थांबली आणि ठराव एकमताने झाला.

त्याच वर्षी ६ डिसेंबरला ज्यांना मुंबईला जाता आले नाही, त्यांनी चैत्यभूमीवरचे अभिवादन विहारात बसूनच पाहिले. चित्र एकदाही अडकले नाही. २०२० साली करोनामुळे चैत्यभूमीवर येऊ नका असे आवाहन झाले होते, तेव्हा याच वस्तीतल्या बायांनी एका मोबाइलभोवती दाटीवाटीने बसून थेट प्रक्षेपण पाहिले होते.

एक गोष्ट मात्र या सोयीच्या नादात विसरू नये. २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी स्वतः देहूरोडच्या विहारात बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. ते ठिकाण आमच्या मावळकरांना लोकलच्या काही स्टेशनांवर आहे. तिथला सोहळा पडद्यावर पाहू नका, मुलांना घेऊन जा.

आपल्या वस्तीत, आपल्या विहारात टीव्हीवर वर्षाला किती पैसे जातात आणि त्यात आपले काय दिसते, याचा हिशेब या महिन्यात एकदा मांडा. तो मांडताना घरातल्या बायका आणि तरुण मुले दोघांनाही बरोबर बसवा. आमच्याकडे दोघांनीही आम्हांला एकेक गोष्ट शिकवली.

नमो बुद्धाय. जयभीम.