पाच मतांचा जी.एस.

परवा भाचीचा फोन आला. "मामा, तू कॉलेजात जी.एस. होतास ना? काय काय केलंस रे?" म्हटलं, गॅदरिंग केलं. "आणि?" आणि... पुढे काही सुचेना. म्हणून आज हे लिहायला बसलोय.

मी जी.एस. झालो तो मार्कांच्या जोरावर. १९८९ साली मुंबईत ओवेन डिसोझा या विद्यार्थी नेत्याचा खून झाला. कॉलेजच्या निवडणुकांतल्या मारामाऱ्यांना लोक कंटाळले होतेच. १९९४ च्या महाराष्ट्र विद्यापीठ कायद्याने खुल्या निवडणुका बंद केल्या. वर्गात पहिला येईल तो वर्गप्रतिनिधी, शिवाय खेळ, एन.एस.एस. वगैरेंमधून प्राचार्यांनी नेमलेले काही जण. या सगळ्यांनी आपल्यातलाच एक सेक्रेटरी निवडायचा. आम्ही खोलीत नऊ जण होतो. पाच हात वर झाले आणि मी दीड हजार पोरांचा जी.एस.! त्यातल्या निम्म्यांना माझं नावही ठाऊक नव्हतं.

गॅदरिंग झोकात झालं. मग जानेवारीत वर्गातला एक मित्र माझ्याकडे आला. तो गावाहून एस.टी.ने यायचा. पहिलं लेक्चर साडेसातला आणि त्याची पहिली गाडी स्टँडवर पोचायची आठ वाजून दहा मिनिटांनी. हजेरी ७५ टक्क्यांच्या खाली गेली, टर्म ग्रँट होणार नाही म्हणून नोटीस लागली. त्याच्यासारखी सतरा पोरं होती. "तू बोल ना सरांशी, तू जी.एस. आहेस."

गेलो. सरांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुला किती जणांनी निवडून दिलंय?"

"पाच, सर."

"मग त्या पाचांचं काही असेल तर सांग."

मी काय केलं? "येतो सर" म्हणून बाहेर आलो. सतरा जणांना घेऊन परत जाता आलं असतं. पण टर्मवर्कचे मार्क, शिफारसपत्र, सगळं त्याच केबिनमध्ये होतं. कंपनीत आपण कोणाचं ऐकतो? जो अप्रेझल करतो त्याचं. माझं अप्रेझल ती दीड हजार पोरं करत नव्हती. मित्राचं वर्ष गेलं. नंतर तो मला टाळायचा, आणि खरं सांगायचं तर मीही त्याला.

कोणी म्हणेल, निवडणुका नकोतच, राडे होतात. मान्य. पण नेमणुकीने राडे थांबले का? विद्यापीठाच्या अध्यक्षाला निवडायचो ते आम्ही कॉलेजांचे निवडक प्रतिनिधीच. मतदानाआधी दोन दिवस एका गटाची जीप आमच्या दारात उभी! "चला, महाबळेश्वर फिरून येऊ." मी मागच्या दाराने आजीकडे पळालो. हजारो पोरांना जीपमध्ये कोंबता येत नाही हो, मूठभरांना येतं.

राड्यांवर इलाजही शोधलेले आहेत. लिंगडोह समितीच्या शिफारशी सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली लागू केल्या. उमेदवाराला खर्चाची मर्यादा ५००० रुपये, छापील पोस्टर बंद, आणि ७५ टक्के हजेरी सक्तीची. (म्हणजे माझा मित्र स्वतः उभा राहूच शकला नसता! त्याला कोणीतरी दुसरा लागणारच होता.) महाराष्ट्राच्या २०१६ च्या कायद्याने खुल्या निवडणुका परत आणल्या. २०१९ मध्ये वेळापत्रकही जाहीर झालं, पण विधानसभा निवडणुकीचं कारण सांगून ते पुढे ढकललं. मग करोना आला.

मतांवर निवडून आलेला जी.एस. शहाणाच निघेल असं नाही. तो भांडकुदळ असेल, कदाचित एखाद्या पक्षाचा पित्त्याही असेल. पण "किती जणांनी निवडून दिलंय?" असं विचारलं तर तो "नऊशे, सर" म्हणेल, आणि पुढच्या वर्षी त्या नऊशेंपुढे त्याला परत उभं राहायचं नसलं तरी त्याच्या गटाला असेल. तेवढी भीती पुरते.

असो. भाचीला आज फोन करणार आहे. गॅदरिंगबद्दल नाही, त्या सतरा जणांबद्दल सांगायला.