विद्येची भागीदारी

आपल्या समाजातील पेढ्यांचा विस्तार पाहिला असता एक गोष्ट सहज ध्यानात येते. भांडवलाची जमवाजमव, मालाची पारख, उधारीचा अंदाज आणि चोख हिशेब यांत आपली माणसे कोणास हार जाणारी नाहीत. तथापि दुकानाचा कारखाना करावयाची वेळ आली म्हणजे बहुतेकांचे पाऊल अडखळते. पैसा असतो, पेठ ठाऊक असते; परंतु माल बनविण्याची विद्या घरात नसते, आणि ती बाहेरच्या माणसास पगार देऊन विकत घेता येईल अशी आपली समजूत असते. ही समजूत आम्हांस खोटी वाटते. जर्मनीतील येना या गावच्या एका खाजगी कारखान्याची हकिगत म्हणूनच सभासद बंधुभगिनींपुढे ठेवीत आहोत.

कार्ल झाइस यांचा जन्म १८१६ साली वायमार येथे झाला. वडील कातारी होते. येना येथे एका यंत्रकारागिराकडे उमेदवारी करून त्यांनी १८४६ साली त्याच गावी स्वतःची लहानशी कार्यशाळा थाटली. विद्यापीठाचे गाव असल्याने उपकरणांची दुरुस्ती हाताशी होती. १८४७ पासून साधे आणि १८५७ पासून संयुक्त सूक्ष्मदर्शक तेथे तयार होऊ लागले. सदोष निघालेले यंत्र झाइस स्वतः ऐरणीवर ठेवून हातोड्याने फोडून टाकीत, असे सांगतात. काम चोख होते, नाव होत होते. एवढ्यावर संतुष्ट राहिले असते तरी त्यांचा चरितार्थ सुखाने चालला असता.

परंतु एक शल्य होते. त्या काळी सर्वत्र भिंगे अंदाजाने बनत. काच घासावी, दुसरीशी जोडून पाहावी, प्रतिमा स्पष्ट दिसली तर ठेवावी, नाही तर पुन्हा घासावी. एक भिंग उत्तम साधले तरी दुसरे तसेच साधेल याची शाश्वती नसे. गणिताने आधी आकार ठरवून मग काच घासता आली पाहिजे, हे झाइस यांनी ओळखले; पण ते गणित त्यांना येत नव्हते. बारफुस नावाच्या एका गणितज्ञाची त्यांनी मदत घेतली. त्यातून काही निष्पन्न होण्यापूर्वीच तो १८५४ साली वारला. पुढे १८६६ साली त्यांनी येना विद्यापीठातील एका तरुण अध्यापकास हाताशी धरले. त्याचे नाव एर्न्स्ट आबे. वय अवघे सव्वीस; वडील आयझेनाख येथील सूतगिरणीत रोज चौदा ते सोळा तास उभे राहून काम करणारे.

येथून पुढचा भाग आम्हांस फार मोलाचा वाटतो. आबे यांनी गणिताने काढलेली पहिली भिंगे जुन्या अंदाजी भिंगांपेक्षा वाईट ठरली! वर्षे गेली होती, खर्च झाला होता. अशा वेळी कित्येक शेठजींनी पंडिताला नमस्कार करून वाटेस लावले असते. झाइस यांनी तसे केले नाही. अपयशाचे कारण शोधता शोधता आबे यांना प्रकाशाच्या विवर्तनाचे मर्म सापडले. भिंगाचे तोंड अरुंद ठेवल्यानेच सूक्ष्म तपशील हरवत होता. १८७२ साली गणितसिद्ध भिंगे बाजारात आली, आणि सूक्ष्मदर्शकाला किती बारीक दिसू शकेल याची मर्यादा आबे यांनी १८७३ साली प्रसिद्ध केली. क्षयाचे जंतू १८८२ साली रोबर्ट कोख यांना दिसले ते आबे यांच्या रचनेच्या साधनांतून. हेच कोख पुढे कॉलऱ्याच्या शोधार्थ कलकत्त्यास येऊन गेले.

आणि झाइस यांनी या माणसास काय दिले? नुसती पगारवाढ नव्हे. १८७६ पर्यंत आबे पेढीचे भागीदार झाले होते. स्वतःचा मुलगा रोडेरिख धंद्यात येत असताना परक्या घरच्या मुलास वाटा दिला गेला, हे लक्षात घ्यावे. परिणाम हिशेबाच्या भाषेत सांगतो. पहिले एक हजार सूक्ष्मदर्शक पुरे होण्यास १८४६ पासून १८६६ पर्यंत वीस वर्षे लागली. दहा हजारावा १८८६ साली तयार झाला. म्हणजे पुढील वीस वर्षांत नऊ हजार. मध्यंतरी काचेची अडचण होती. तीही याच रीतीने सुटली. ओटो शॉट या काचतज्ज्ञाशी भागीदारी करून १८८४ साली येना येथेच काचेचा कारखाना निघाला.

१८८८ साली झाइस वारले. दुसऱ्याच वर्षी आबे यांनी कार्ल झाइस यांच्या नावे प्रतिष्ठान स्थापिले, आणि १८९१ साली स्वतःची मालकी त्यास देऊन टाकली. रोडेरिख यांना मोबदला देऊन त्यांचाही वाटा प्रतिष्ठानाकडे आला. १८९६ च्या नियमावलीत असे ठरले की, कारखान्यातील सर्वांत मोठ्या अधिकाऱ्याचेही वेतन कामगाराच्या सरासरी कमाईच्या दसपटीहून अधिक असू नये. निवृत्तिवेतन ही मेहेरबानी न राहता कामगाराचा हक्क झाला. १९०० साली कामाचा दिवस नऊवरून आठ तासांवर आला. आबे यांनी उक्त्या कामाच्या २३३ कामगारांचा हिशेब तपासला, तेव्हा तासाचे काम सुमारे १६ टक्क्यांनी वाढल्याचे आढळले. आठ तासांत पूर्वीच्या नऊ तासांहून थोडे अधिकच काम निघत होते.

यावर आक्षेप येतील, आणि ते रास्तही आहेत. मालकी विश्वस्तांकडे गेली म्हणजे सर्व मंगल होते असे नाही. दोन्ही महायुद्धांत या कारखान्याने युद्धोपयोगी उपकरणे बनविली. दुसऱ्या महायुद्धात तेथे सक्तीने आणलेल्या मजुरांकडून कामही करून घेतले गेले. अहिंसेस मानणाऱ्या वाचकांनी हे विसरू नये, आम्हीही विसरत नाही. उत्तम नियमावली सदसद्विवेकाची जागा घेऊ शकत नाही. १९४५ नंतर देशाबरोबर कारखान्याचीही फाळणी झाली. पूर्वेस येना, पश्चिमेस ओबरकोखेन. जर्मनी एक झाल्यावर १९९१ साली दोन्ही पुन्हा जवळ आले. आजही कंपनीची मालकी त्याच प्रतिष्ठानाकडे आहे, आणि संगणकाच्या अतिसूक्ष्म चिप छापणाऱ्या डच यंत्रांतील आरसे याच समूहातून जातात. एवढ्या उलथापालथीतून जे टिकले ते इमारती व यंत्रे नव्हेत. पिढ्यान्‌पिढ्या जोपासलेली विद्या टिकली.

आपल्याकडे काय दिसते? मुनिमावर तिजोरीची किल्ली सोपवितो, परंतु कारागिरास भागीदारीच्या कागदावर जागा देत नाही. वीस वर्षे काम शिकून तो एक दिवस निघून जातो, आणि आपण त्याला कृतघ्न म्हणतो. धर्मशाळेला देणगी देताना आपला हात सैल असतो. त्याच पेढीत तीस वर्षे खपलेल्या माणसाच्या म्हातारपणाची तरतूद मात्र मालकाच्या मर्जीवर राहते. दान आणि हक्क यांतील हा भेद आबे यांनी ओळखला होता. धर्मशाळा बांधाव्यात, त्याबद्दल दुमत नाही. परंतु एका कर्तव्याने दुसरे फिटत नाही.

सर्वांनी मालकी सोडून द्यावी असे आम्ही सुचवीत नाही. सूचना दोनच आहेत. ज्या सभासदांनी कारखाना काढला आहे वा काढावयाचे योजिले आहे, त्यांनी माल बनविण्याची विद्या जाणणाऱ्या एका तरी बाहेरच्या माणसास नफ्यात लेखी वाटा द्यावा, आणि पहिल्या अपयशाने त्याचा हात सोडू नये. दुसरे, कामगारांचे निवृत्तिवेतन कायद्याने भाग पाडले तेवढ्यावर न थांबता पेढीच्या नियमांत लिहून ठेवावे. मुलांच्या वाट्याला यामुळे कमी येईल अशी भीती काहींना वाटेल. वाटा लहान झाला तरी चालेल. ज्यात वाटा मिळावयाचा ती पेढी मोठी झाली पाहिजे, आणि ती उद्याही उभी असली पाहिजे.